माडावरून माणूस उतरवताना

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत आमची माडांची बाग आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ घासून गेलं, तेव्हा तिच्यातले काही माड आडवे झाले, काही कलले आणि बरेच जागच्या जागी राहिले. पुण्यातली नोकरी सोडून मी गावी आलो तो त्यानंतर. आल्यावर पहिली अडचण कळली ती पाडेल्याची, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याची. सगळ्या आळीत मिळून एकच पाडेली उरलेले, तेही साठीच्या पुढचे. मुलगे गोव्यात हॉटेलात. एका बागेचं पाडप उरकून ते आमच्याकडे येईपर्यंत सुके नारळ आपोआप खाली पडत आणि खालून जाणाऱ्यांची डोकी देवाच्या भरवशावर असत. म्हणून ठरवलं, आपणच चढायला शिकायचं.

नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, कारण पाडणारे मिळेनात ही रड तिथली आधीची. सहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण, आणि शिकायचं ते यंत्रावर. पुढे ते इतर नारळी राज्यांतही आलं. मला जागा मिळाली तेव्हा माझ्या तुकडीत दोन बायका होत्या, एक रिक्षावाला होता आणि बाकी माझ्यासारखे बागवाले.

यंत्र चेंबेरीचं. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने केलेलं, म्हणून ते नाव. डावा आणि उजवा असे दोन सुटे भाग. प्रत्येकाला पाय ठेवायला पावडी, हाताला मूठ आणि खोडाभोवती फिरवून अडकवायचा वायररोपचा फास. पायावर भार दिला की फास खोडाला आवळतो, भार काढून मुठीने उचललं की सैल पडतो. डावा वर, उजवा वर. सगळं उभ्यानेच. माड जसजसा वर जातो तसतसा बारीक होत जातो, त्यामुळे बुंध्याशी बरोबर बसवलेला फास वर सैल वाटायला लागतो आणि यंत्र खाली झुकतं. हे झुकणं आधी मनाला कळतं आणि मग पायाला. मला उंचीची भीती नव्हती. कॉलेजात असल्यापासून तैलबैला, लिंगाणा केलेले. पण कातळाला निदान खाचा तरी असतात, आणि तो वाऱ्यावर हलत नाही. माड हलतो. पहिल्यांदा शेंड्याजवळ पोचलो आणि खाडीकडून वारा आला, तेव्हा दोन्ही मुठी इतक्या घट्ट धरल्या की नंतर जेवताना घास उचलेना.

कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेने या यंत्राला सुरक्षेचं एक जोडपट्टं केलं आहे. खोडाभोवती तिसरा फास, तो कमरेच्या पट्ट्याला. पाय निसटला तर माणूस खाली न जाता खोडाला लटकतो. प्रशिक्षणात ते लावल्याशिवाय चढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण मला डोंगरातली सवय. तिथे दोराला लटकलेला माणूस दिसला की पहिला विचार येतो, आता याला उतरवायचं कसं? पाय निसटून लटकलेला माणूस शुद्धीवर असेल तर पुन्हा पावडीवर पाय टाकेल. चक्कर आली असेल, डोक्यात चुडत, म्हणजे झावळी, पडलं असेल, हाताला कोयती लागून रक्त जात असेल, तर? एका संध्याकाळी मी हे विचारलं. प्रशिक्षक म्हणाले, दुसरा यंत्र लावून वर जाईल आणि धरेल. धरून पुढे काय, हे त्या सहा दिवसांत बसण्यासारखं नव्हतं. आधी चढणं तरी नीट यायला हवं.

गावी परतल्यावर हा विषय मी पाडेलीकाकांपुढे काढला. काका पायांना सुंबाचा फास, कमरेला आकडी आणि आकडीत कोयती एवढ्यावर जन्मभर चढलेले. ते हसले. “वर जावचा तां आपल्या पायांनी नि खाली येवचा तां पण आपल्याच पायांनी. मदी दोरी कित्याक?” मग जरा वेळाने स्वतःच सांगायला लागले. त्यांच्या तरुणपणी शेजारच्या वाडीत एकाला वर असताना गांधीलमाश्या लागल्या. तो उतरला, पण निम्म्यापासून खोड मिठीत धरून घसरत. छातीची आणि मांड्यांची सालटं गेली. “तेवां दोरी आसती तर बरा झाला असता,” असं काही ते म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत हजर झाले.

फायर ब्रिगेडला बोलावता येईल, हा शहरी विचार. आमच्या बागेकडे येणारी पाणंद दोन्हीकडून चिऱ्याच्या गडग्याने बांधलेली. तिच्यातून रिक्षा जाते, टेम्पो अडकतो. शिडीचा बंब मुख्य रस्त्यावरच थांबणार. म्हणजे जी काही सोय करायची ती बागेतच, आणि माणूस चढायच्या आधी.

डोंगरातलं जे तंत्र मला इथे बसेल असं वाटलं ते साधं आहे. चढणारा हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणारे पट्टे, घालतो आणि रोपाचं एक टोक त्याला बांधलेलं असतं. यंत्राने वर जाताना रोप नुसता मागून येतो, तोपर्यंत भिस्त तिसऱ्या फासावर. वर पोचलं की पहिलं काम नारळ नव्हे. पेंडींच्या, म्हणजे नारळाच्या घोसांच्या, खाली, यंत्राच्या फासांच्या वर, खोडाला स्लिंगचे (मजबूत पट्टीच्या कडीचे) दोन-तीन वेढे घालायचे, त्यात लॉकचा कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) आणि कॅराबिनरमधून आपला रोप. हा झाला अँकर. चुडताच्या देठाला अँकर कधीच करायचा नाही. हिरवं चुडत माणसाला तोलून धरतं असं वाटतं, जुने पाडेली त्यावर बसतातही. पण कुठलं पिकायला आलंय आणि कुठलं पिसुंदरीला, म्हणजे देठाभोवतीच्या जाळीला, नुसतं चिकटून राहिलंय हे वर घाईत कळत नाही. खोडाचं तसं नाही. स्लिंग सरकलीच तरी यंत्राच्या फासावर येऊन थांबते.

रोपाचं दुसरं टोक शेजारच्या माडाच्या बुंध्याशी. तिथे स्लिंग, तिला फिगर ऑफ एट डिसेंडर (आठच्या आकड्यासारखा धातूचा तुकडा, त्यात घासून रोप हळू सुटतो), त्यातून रोप ओवून गाठ मारून बंद केलेला, आणि त्याच्यापाशी एक माणूस, तो ब्रेकवाला. वरच्याला काही झालं तर खालच्याने गाठ सोडायची आणि हळूहळू रोप सोडायचा. बस. वर जायची गरज नाही, वरच्याने काही करायची गरज नाही. गांधीलमाश्या उठल्या तर माणसाचे दोन्ही हात तोंडावर असतात, त्या वेळी त्याच्याकडून डिसेंडर लावून घेण्याची अपेक्षा ठेवणं म्हणजे कागदावरची सुरक्षा. त्याने ओरडायचं, खालच्याने सोडायचं.

बाणवली माडांची लागवड साडेसात मीटरवर करतात, ती इथे उपयोगी पडली. शेजारचा माड बरोबर एवढा लांब असतो की ब्रेकवाल्याच्या डोक्यावर नारळ येत नाहीत. तरी हेल्मेट त्याला हवंच, आणि माझ्या मते वरच्यापेक्षा त्यालाच जास्त. वरून सुटलेला असोला नारळ कुठे आपटून कुठे उडेल याचा नेम नसतो, आणि ब्रेकवाला जायबंदी झाला तर वरचा अधांतरी. पंधरा मीटरच्या माडाला चाळीस मीटरचा रोप पुरतो. एक मात्र ध्यानात ठेवायचं: असा रोप वरून वळून खाली आला की अँकरवर माणसाच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो. निरोगी खोडाला त्याचं काही नाही. पण बुंध्याशी सोंड्या भुंग्याची भोकं असतील, त्यातून तांबूस चीक वाहत असेल, चावलेला भुसा बाहेर आला असेल, किंवा कोयतीच्या पाठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्या माडावर चढायचंच नाही. तौक्तेत कललेल्यांपैकी ज्यांची मुळं एका बाजूने उचललेली दिसली त्यांनाही आम्ही दुरून नमस्कार केला.

सराव आधी गोणीवर. खताच्या गोणीत वाळू भरली, एका माणसाला उचलेना इतकी, ती वर ओढून घेतली आणि एटमधून सोडली. कोरडा नवा रोप भलताच पळतो हे लगेच कळलं. दोन हातमोजे आणि एटला एक जादा वेढा एवढ्याने गोणी शहाण्यासारखी उतरायला लागली. त्याच वेळी ब्रेकच्या खालच्या अंगाला प्रुसिकची गाठही घातली (बारीक दोरीची, ताण आला की रोपावर आवळणारी), म्हणजे ब्रेकवाल्याचा हात सुटला तरी रोप धरला जाईल. इथपर्यंत सगळं डोंगरासारखंच.

मग माणूस. चुलतभावाने बेशुद्ध पडायचं ठरलं. हे काम त्याला जमतं, शाळेपासूनची सवय आहे. मुद्दाम डोक्याइतक्याच उंचीवर यंत्र लावलं. खाली पेंढा. तो चढला, रोप अँकरमधून गेला, ताण घेतला आणि त्याने मान टाकली. मी गाठ सोडली. कंबर खाली आली, धड मागे झुकलं आणि सगळं थांबलं. पाऊल पावडीच्या पट्ट्यात अडकून राहिलं होतं. पट्टा त्यासाठीच असतो, पाय निसटू नये म्हणून. शुद्धीतला माणूस टाच उचलून पाय मागे ओढून घेतो आणि त्याला ते करताना कळतही नाही. बेशुद्ध माणूस कुठून करणार? आणखी रोप सोडला असता तर चुलतभाऊ डोकं खाली, पाय वर असा टांगला गेला असता.

“पाय अडाकलो रे! ह्यो हंयच लटाकतलो!” काका ओरडले. बेशुद्ध पडलेलाही हसायला लागला.

गोणीला पाय नसतात म्हणून हे तोवर लपून राहिलं होतं. दोराचं सगळं शास्त्र बरोबर होतं, यंत्राशी त्याची गाठ पडली नव्हती. झाडावर दोर, पट्टे, यंत्र, हत्यार यांतली प्रत्येक वस्तू एकटी तपासून भागत नाही, ती दुसरीला कुठे धरते ते बघावं लागतं. फांद्यांच्या झाडावर दोरानेच चढणाऱ्या माणसांना ही अडचण येत नाही, त्यांच्या पायात काही नसतं. तिथे घोळ निराळे. आंब्यावर, वडावर माणूस उतरवताना त्याला फांद्यांमधून वाट काढून द्यावी लागते, आणि त्यांचा रोप करवतीजवळ असतो. माडाला फांदी नाही ही त्यातली मेहेरबानी.

पट्टा काढून टाकू, असं एक सुचलं. मी नाही म्हटलं. रोज शंभरदा पाय सांभाळणारी वस्तू वर्षात कधीतरी येणाऱ्या प्रसंगासाठी काढायची नसते, आणि यंत्र बनवणाऱ्याने दिलेला भाग आपल्या अकलेने बदलायचा नाही हेही खरं. म्हणजे पाय सोडवायला कुणीतरी वर जायलाच हवं. प्रशिक्षक म्हणाले होते ते दुसरं यंत्र इथे आलं.

दुसरं यंत्र लावायला वेळ लागतो. फास फिरवा, अडकवा, दुसरा फास, हार्नेस, पट्टे. मी हे करत असताना काकांनी सुंबाचा फास पायात अडकवला. “तुझां मशीन बांदून होईसर मी वर जावन येतंय.” आणि खरोखरच, माझा दुसरा फास लागेपर्यंत ते चुलतभावाच्या पायांपाशी पोचले होते. या वेळी उंची खरी होती, निम्म्या माडाची. हे बघून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली, कारण काकांना दोर नव्हता. एकाला वाचवायला गेलेला दुसरा पडणं हे सुटकेच्या कामात जगभर घडत आलं आहे. तेव्हापासून नियम केला. काकांनी जायचं ते हार्नेस आणि खोडाभोवतीचा पट्टा घालूनच. दोन्ही त्यांना आधीपासून चढवून ठेवायचे. काकांनी कुरकुर केली, हार्नेस लुंगीवर बसत नाही म्हणाले. आता चड्डी घालून येतात.

क्रम असा बसला. काही बिनसलं की ब्रेकवाला आधी रोप ताणून घेतो आणि मदतीला दुसरा हात लावतो, म्हणजे वजन पावड्यांवरून उचलून रोपावर येतं. तोवर सुटका करणारा वर निघालेला असतो. तो खालून जातो, पायांपाशी थांबतो, टाच वर करून एक पाऊल मागे ओढतो, मग दुसरं. मग खोडाचा तिसरा फास कमरेच्या पट्ट्यातून सोडवतो. हा विसरला तर माणूस पुन्हा तिथेच. रोपावर वजन आहे हे हाताने दाबून बघितल्याशिवाय तो सोडायचा नाही. मग खाली हाक. खालून तिसरा माणूस हार्नेसला बांधलेली बारीक दोरी ओढून धरतो, म्हणजे उतरणारा खोडाला आणि सुटका करणाऱ्याला न घासता बाजूने येतो. बोलायचं एकानेच, बाकीच्यांनी तोंड बंद. कोकणात हा सर्वांत अवघड भाग.

आणि कोयती. ताणलेल्या रोपाला पातं नुसतं टेकलं तरी तो तुटतो. सैल दोर कापायला जोर लागतो, ताणलेला मात्र तुटायची वाटच बघत असतो. म्हणून सुटका करणारा आकडी-कोयती खाली ठेवूनच निघतो आणि वरच्याची कोयती हाताशी आली तर सगळ्यांना बाजूला व्हायला सांगून आधी ती टाकतो.

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाला घाई का, हे काकांना सांगावं लागलं. पाय हलत नसले की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं, आणि धडधाकट माणूसही काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. शुद्धीत असेल तर त्याने पाय हलवत राहायचं, जमल्यास स्लिंगच्या कडीत पाय टाकून उभं राहायचं. खाली आणल्यावर त्याला बसवून ठेवावं, आडवं करू नये, असं एक मत गिर्यारोहकांत बरीच वर्षं फिरत होतं. मलाही क्लबात तसंच शिकवलेलं. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने करून घेतलेल्या २००९ सालच्या तपासणीत त्याला पुरावा सापडला नाही. नेहमीचे प्रथमोपचारच करायचे. आडवं करायचं, श्वास बघायचा, रक्त थांबवायचं, पाठीला मार असेल तर हलवायचं नाही. १०८ ला फोन मात्र माणूस वर असतानाच गेलेला हवा. आमच्या बागेत रेंज विहिरीपाशी येते, बाकी कुठे नाही. त्यामुळे एक पोरगं विहिरीवर आणि दुसरं पाणंदीच्या तोंडाशी रुग्णवाहिकेला वाट दाखवायला, एवढी माणसं आधीच ठरलेली असतात.

विजेच्या तारांजवळच्या माडाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार बोलण्यासारखं नाही. ओलं चुडत तारेवर टेकलं की वीज वाहते, आणि वरचा चिकटला तर खालून धावत जाणाराही जातो. असे माड महावितरणला कळवून, १९१२ वर किंवा लाइनमनला गाठून, लाइन बंद झाल्याचं त्याच्याच तोंडून ऐकल्यावरच. फ्यूज काढला, आता चढ, असं शेजारी सांगतो तेव्हा कानाला हात लावावा.

माश्यांसाठी चढण्याआधी दुर्बिणीने शेंडा बघतो. पक्षी बघायला घेतलेली होती, आता गांधीलमाश्यांची पोळी बघते. तांबड्या मुंग्या दिसत नाहीत, त्या चावल्यावरच कळतात; पण मुंग्यांनी माणूस मरत नाही, हात सोडतो म्हणून मरतो. हात सुटला तरी आता रोप आहे.

पाडणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा नावाची अपघात विमा योजना आहे. काकांचा अर्ज भरायला घेतला आहे. वयाचं बघावं लागेल. चुलतभावाचा नक्की होईल.

या सगळ्याने प्रत्येक माडामागे वेळ वाढतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. स्लिंग लावणं, ब्रेक बांधणं, उतरल्यावर पुढच्या माडाशी सगळं हलवणं. काका एकटे असते तर तेवढ्यात तीन माड पाडून झाले असते. दुसऱ्यांच्या बागेत गेलो की मालक घड्याळ बघतात. एकाने तर स्पष्टच विचारलं, ही सर्कस कशाला? त्याच्याकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. स्वतःच्या बागेत मात्र हा खर्च धरूनच चालतो. आणि चढणारा एकटा असेल, खाली ब्रेकवाला नसेल, तर पाडप नाही. नारळ आणखी आठ दिवस राहतील.

पावसाळ्यातलं अजून जमलेलं नाही. खोडावर शेवाळ धरतं, वायररोपचा फास सरकतो, आणि भिजलेला रोप एटमधून निराळाच चालतो. तोवर जून ते सप्टेंबर चढणं बंद. आणि पोफळींना तर यातलं काहीच लागू पडत नाही. पोफळीचं खोड मांडीपेक्षाही बारीक. तिच्या शेंड्याला दुप्पट भाराचा अँकर करणं म्हणजे ती वाकवून जमिनीला टेकवणं. काका तरुणपणी एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरी धरत, खाली न उतरता अख्खी रांग पाडत. तो प्रकार आता त्यांच्या चुलत्या-पुतण्यांतही कुणी करत नाही. सुपारीसाठी आम्ही लांब बांबूला आकडी बांधून खालूनच काढायला लागलो आहोत. मान दुखते, निम्मी शिपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, फुटून चिखलात पडतात, ती पोरं वेचतात.